स्वालबार्डला छोट्या जहाजाने जावं का? (गुडघा बदललेला नवरा, गाडी लागणारी बायको)

अंगणातली_जास्वंद

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात स्वालबार्डला जायचं घाटतंय. नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर जो बेटांचा पुंजका आहे, तोच. आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड. भिगवण, नांदूरमध्यमेश्वर, उरण सगळं पालथं घालून झालं, आता म्हणतात समुद्रकड्यांवरचे पक्षी बघायचे. मला थंडी मुळीच सोसत नाही, पण घरी एकटीने बसून ह्यांनी पाठवलेले फोटो बघण्यापेक्षा कुडकुडलेलं बरं.

एजंटाने दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे तीनेक हजार माणसांचं मोठं जहाज. जर्मनीतून निघतं, नॉर्वेचा किनारा करत लाँगइयरबायनपर्यंत, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावापर्यंत, जातं आणि परत. दुसरं शंभरेक प्रवाशांचं छोटं जहाज. लाँगइयरबायनला विमानाने पोचायचं, तिथेच जहाजावर चढायचं आणि दहा दिवस बेटांभोवती फिरायचं. ह्याला जवळजवळ तिप्पट पैसे. बरं, त्यात नाटकगृह नाही, पोहायचा तलाव नाही, आमच्या खोलीला गॅलरीसुद्धा नाही. मग हे पैसे कसले?

ह्यांचा उजवा गुडघा बदललेला आहे आणि छोट्या जहाजावरून म्हणे रबरी होडीत उतरावं लागतं. मला कात्रजच्या घाटात गाडी लागते, म्हणजे बोट लागणारच. दोघं शाकाहारी, अंडं चालतं. जून बरा की ऑगस्ट? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. गूगलवरची माहिती वाचून डोकं उठलंय.

दुपारचा_चहा

काकू, रागावू नका, पण तिप्पट पैसे देऊन गारठायचं हे काही माझ्या पचनी पडत नाही. तिसरा पर्याय सांगतो. नॉर्वेत बर्गन ते किर्कनेस अशी किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोट आहे, १८९३ पासून चालू. टपाल, माल, गावकरी, पर्यटक सगळे एकाच बोटीत. चौतीस बंदरं घेते, जाऊन-येऊन बारा दिवस. प्रत्येक ठिकाणी धक्क्याला लागते, त्यामुळे काकांना रबरी होडीचा प्रश्नच नाही. मध्यरात्रीचा सूर्यही दिसतो. आम्ही ट्रोम्सोपर्यंत गेलो होतो, मजा आली. अस्वल नाही दिसलं, पण त्यावाचून काही अडलं नाही.

जयगडचा_खलाशी

वरचा सल्ला वाईट नाही. पण काकांना कड्यावरचे पक्षी बघायचेत आणि ती बोट कड्याखाली थांबत नाही, तिला पुढच्या बंदरात वेळेवर टपाल टाकायचं असतं.

मी अशा छोट्या जहाजांवर डेकला होतो. माणसं होडीत चढवणं आणि उतरवणं, हेच माझं काम. आता गावी आंब्याची बाग बघतो, तेव्हा कुणाचं जहाज विकायचं मला कारण नाही.

मोठ्या जहाजाचं आधी निकालात काढू. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला जाताच येत नाही. जमिनीचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग संरक्षित आहे. म्हणजे तुमचं तीन हजारवालं लाँगइयरबायनला येणार, तुम्ही गावातल्या एकुलत्या एका मोठ्या रस्त्यावरून बाकीच्या तीन हजारांबरोबर फिरणार, लोकरी टोपी विकत घेणार आणि परत. ते स्वालबार्ड नव्हे, तो तिथला बाजार.

छोट्या जहाजाचे पैसे हे खाली उतरण्याचे पैसे. खोली, जेवण, गॅलरी विसरा. सकाळी एकदा, दुपारी एकदा होड्या पाण्यात पडतात. हवा बरी असेल तर रात्री जेवणानंतरही, कारण एप्रिलच्या वीसपासून ऑगस्टच्या तेवीसपर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. शंभर माणसांचं जहाज असेल तर सगळी मंडळी अर्ध्यापाऊण तासात किनाऱ्यावर पोचतात. दोनशे असतील तर पाळ्या लागतात आणि अर्धा वेळ तुम्ही जाकीट घालून पायऱ्यांवर घाम गाळत उभे. एजंटाला जहाज किती स्टारचं ते विचारू नका, प्रवासी किती आणि होड्या किती ते विचारा.

आता गुडघा. होडीला झोडियाक म्हणतात, सगळे तेच म्हणतात. जहाजाच्या कुशीला शिडी सोडलेली असते, तिच्या पायथ्याशी एक माणूस आणि होडीत एक. हात देताना पंजा द्यायचा नाही. त्याने तुमचा हात मनगटाच्या वर धरायचा, तुम्ही त्याचा. ओल्या हातमोज्यात पंजा सटकतो, ही पकड सटकत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. काका लोक इथेच ऐकत नाहीत, गळ्यात भली मोठी लेन्स लटकवून येतात. मग लाट होडीला वर आणते, वर आल्यावर होडी क्षणभर थबकते आणि त्याच वेळी खालचा माणूस सांगतो, या. तेव्हाच पाऊल टाकायचं. आधी होडीच्या फुगीर काठावर, मग आतल्या पेटीवर, मग तळात. उडी मारायची नाही. बसलं की बुड सरकवत मागे जायचं, उभं राहून चालायचं नाही. खाली येताना बदललेला पाय आधी, वर चढताना चांगला पाय आधी. हे काकांना फिजिओथेरपीवालीने शिकवलेलं असणारच.

किनाऱ्यावर धक्का वगैरे काही नसतो. होडीचं नाक वाळूला किंवा गोट्यांना लागतं, तुम्ही काठावर बसून दोन्ही पाय होडीच्या मागच्या बाजूने बाहेर फिरवता आणि घोटाभर, कधी नडगीभर पाण्यात उतरता. गुडघ्यापर्यंतचे गमबूट बहुतेक जहाजं देतात, माप आधी कळवायचं. सत्तरीच्या पुढच्या, काठी घेतलेल्या बायका मी रोज उतरवल्यात. अडतात ते घाई करणारे. वर गेल्यावर तीन गट पडतात, लांब चालणारे, मध्यम आणि किनाऱ्यालगत रेंगाळणारे. काकांनी पहिल्या दिवशी तिसरा गट घ्यावा, मग अंदाज येईल. जमीन मात्र फसवी. वरून हिरवं शेवाळ मऊ दिसतं आणि खाली सुटे दगड असतात. काठी न्या.

आणि खरी गंमत अशी की काकांना जे बघायचंय त्यासाठी उतरावंच लागत नाही. हिनलोपेनच्या सामुद्रधुनीत आल्कफेल्लेट म्हणून कडा आहे. काळ्या दगडाचे उभे खांब, त्यांच्या प्रत्येक चिंचोळ्या फळीवर ब्रुनिच गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी दाटीवाटीने उभे. साठ हजारांच्या आसपास जोड्या धरतात. घरटं बांधत नाहीत, उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. तुम्ही होडीत बसून कड्याखालून सावकाश जाता. कड्यापासून ५०० मीटरच्या आत पाच नॉटपेक्षा (ताशी साधारण नऊ किलोमीटर) जास्त वेग चालत नाही, हा आता कायदाच आहे. टोपी चढवा आणि वर बघताना तोंड मिटा. हे मी विनोदाने सांगत नाही.

ह्या कड्यामुळेच महिना ठरतो. जुलैच्या मध्यापासून पिल्लं, धड उडता येत नसताना, कड्यावरून समुद्रात उड्या टाकतात. बाप त्यांना घेऊन पोहत लांब जातो. ऑगस्ट अर्धा झाला की कडे ओस. जूनमध्ये पक्षी असतात, बर्फही देखणा असतो, पण उत्तरेला आणि पूर्वेला समुद्र गोठलेला राहिला तर जहाज हिनलोपेनमध्ये शिरूच शकत नाही. शिवाय १ मार्च ते ३० जून अस्वलापासून ५०० मीटर लांब राहावं लागतं, १ जुलैपासून ३०० मीटर. म्हणून पक्ष्यांसाठी जुलैचा पहिला पंधरवडा. मी तरी तोच घेईन.

अस्वल दिसेल ह्याची हमी देणारा एजंट खोटं बोलतोय. आणि किनाऱ्यावर अस्वल असेल तर उतरणं रद्द होतं, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं आणि तोंडं पडतात. आधी गाईड बंदुका आणि फटाक्याची पिस्तुलं घेऊन जागा पाहून येतात, मगच पाहुण्यांना सोडतात. किनाऱ्यावर गट सोडून लघवीलासुद्धा बाजूला जायचं नाही, जहाजावरूनच उरकून या.

बोट लागण्याचं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, आत पाणी बहुधा विहिरीसारखं. हलतं ते दक्षिणेच्या टोकाला वळसा घालताना, आणि सहलीत ग्रीनलंड किंवा यान मायेन बेट जोडलेलं असेल तर मोकळ्या समुद्रात, तेही चांगलंच. ताईंनी निव्वळ स्वालबार्डची सहल घ्यावी. खोली खालच्या मजल्यावर, लांबीच्या मध्यावर. तिथे सगळ्यात कमी हलतं आणि तीच सगळ्यात स्वस्त असते. हवा बिघडली की गोल खिडकीवर लोखंडी झाकण लावतात, घाबरू नका. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि पोटात ढवळायच्या आधी घ्यायची. नंतर घेतलेली बाहेर येते.

जेवण बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. स्वैपाकघरात बरेचदा आपला किंवा फिलिपिन्सचा माणूस असतो, वरण-भात मागितला तर करून देतो. मेतकूट, लसणीची चटणी न्या. दूध-तुपाचं काही भरू नका, नॉर्वेत आणू देत नाहीत.

वास्कोवाला

खलाशीदादांनी बरंच सांगितलं. मी न्यू-ऑलेसुंड ह्या स्वालबार्डमधल्या संशोधकांच्या गावापुरतं सांगतो, कारण तुमचं जहाज तिथे थांबायची शक्यता आहे. ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून तिथे आहे. ते चालवतं आमच्या वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. एका उन्हाळ्यात मी तिथे कामाला होतो.

एक म्हणजे मोबाइल फ्लाइट मोडवर, ब्लूटूथ, वायफाय, मनगटावरचं घड्याळ सगळं बंद. गावात दूर अंतराळातले रेडिओ संकेत टिपणारे मोठे अँटेना आहेत, तुमच्या इअरफोननेसुद्धा त्यात खरखर येते. दुसरं, रस्ता सोडायचा नाही. टर्न पक्षी रस्त्याच्या कडेलाच अंडी घालतात आणि जवळ गेलं की थेट डोक्यात चोच मारतात. सगळ्यात उंच भागावर मारतात, म्हणून काठी डोक्याच्या वर धरून चालायचं. काकांना हा पक्षी अगदी हाताच्या अंतरावर मिळेल, नको इतका.

केंद्रात आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. माझ्या वेळी लोक चीनच्या केंद्रासमोरच्या दगडी सिंहांचे फोटो काढायचे आणि आपल्या केंद्रावरून पुढे निघून जायचे, तेवढं करू नका. गावाच्या टोकाला लोखंडी मनोरा आहे तो चुकवू नका. १९२६ मध्ये आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले हे ध्रुवप्रवासी 'नॉर्गे' हे हवाई जहाज ह्याला बांधून इथून ध्रुवावरून पलीकडे अलास्काला गेले. दोन वर्षांनी नोबिले 'इटालिया' घेऊन पुन्हा इथूनच निघाला. ते बर्फावर कोसळलं आणि त्याला शोधायला गेलेला आमुंडसेन परत आला नाही.

लाँगइयरबायनला एक दिवस आधी पोचा. जगभरातलं बियाणं जपून ठेवणाऱ्या तिजोरीचं दार बाहेरूनच बघता येतं, पण आत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या पीक-संशोधन संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहे. सोलापूर-लातूरकडच्या माणसाला ते दार वेगळंच दिसतं.

व्हिसाची_लाइन

कुणी लिहिलं नाही म्हणून: स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात, नाही. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण विमान ओस्लो किंवा ट्रोम्सोवरून जातं, म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता. म्हणून किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. एका प्रवेशाचा हातात पडला तर परतीला अडकाल. आमच्या ओळखीत एकांना एजंटाने एकाच प्रवेशाचा अर्ज भरून दिला होता, ऐनवेळी पुन्हा धावपळ. विम्यात वैद्यकीय कारणासाठी विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला हवा, जहाज कंपन्या तो कागद मागतातच. लाँगइयरबायनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर दुखणं ट्रोम्सोला नेतात. काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अर्जात लपवू नका.

अंगणातली_जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. आल्कफेल्लेटपर्यंत ऐकलं आणि उठून दुर्बीण पुसायला बसले, पुढचं ऐकलंच नाही. मोठ्या जहाजावर फुली मारली. जुलैचा पहिला पंधरवडा एजंटाला कळवला.

खलाशीदादा, एक शंका. ती शिडी किती पायऱ्यांची असते? एजंटाला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, लिफ्ट आहे."

जयगडचा_खलाशी

लिफ्ट आतल्या मजल्यांची. पाण्यापर्यंत लिफ्ट जात नाही.

शिडी जहाजागणिक वेगळी. काही जहाजांना पाण्याच्या पातळीजवळ कुशीत दार असतं, शेल डोअर म्हणतात. तिथून होडीत जायला दोन-तीनच पायऱ्या. नसेल तर वरच्या डेकवरून बाहेरची शिडी, ती पंधरा-वीस पायऱ्यांचीही असू शकते, बाजूला दोरीचा कठडा. काकांसाठी पहिलं जहाज शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. एजंटाला सोडा, कंपनीला सरळ मेल टाका: शेल डोअर आहे का, होडीत चढताना किती पायऱ्या, गुडघा बदललेला प्रवासी आहे. उत्तर लेखी घ्या आणि मगच आगाऊ रक्कम भरा.