ओपन स्पेसमधले दगड (लेआउटचा ग्रुप)

*काकाजी, प्लॉट ४:* ओपन स्पेसमध्ये काल ट्रॉलीनं जे दगड टाकले ते रॉक गार्डन आहे का क्रशरचा डेपो? सभेत काय ठरलं अन् होऊन काय राहिलं?

*सचिव:* नमस्कार काकाजी. दगड फक्त उतरवले आहेत. आठ दिवस धीर धरावा, ही विनंती 🙏

*बंटी, प्लॉट २:* चंदीगडसारखं करू ना राजेहो! सेल्फी पॉइंट!!

*गुरुजी, प्लॉट ११:* चंदीगडचं नेकचंद यांचं काम वेगळं. १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं, फुटक्या बांगड्या अन् कपबश्यांच्या मूर्त्या आहेत तिथं. आपलं ठरलं ते बरडासारखं, खडकाळ माळ असतो ना, तसं. त्यासाठी दगडाचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत गेला पाहिजे, रुंद बाजू खाली.

*वहिनी, प्लॉट ९:* दगडांखाली विंचू निघतात. माझं घर समोरच आहे, लेकरं तिथंच खेळतात. याचं कोणी उत्तर देणार आहे का?

*कोषाध्यक्ष:* लाल-पांढरा रंग मारला तर उठून दिसतील. पेंटर ओळखीचा आहे.

*गुरुजी, प्लॉट ११:* 👆 पुन्हा टाकतो. तिसरा हिस्सा जमिनीत, रुंद बाजू खाली. रंगाचं नावही काढू नका.

*कोषाध्यक्ष:* सुचवायचंही नाही का जी आम्ही? पैसे मागायला तेवढे आठवतो.

*ताई, प्लॉट ७:* वहिनी, ढीग असाच राहिला तर विंचू निघतीलच, खाली पोकळी राहते ना. म्हणून प्रत्येक दगडाच्या बुडाशी मुरूम सब्बलीनं ठासायचा. वर उभं राहिलं तरी दगड हलला नाही पाहिजे. तुमच्या बाजूनं चार फूट मोकळं ठेवू.

*वहिनी, प्लॉट ९:* ठासणार कोण? मागं झाडांना पाणी द्यायच्याही पाळ्या लागल्या होत्या. उन्हाळाभर बकेटा कोणी वाहिल्या ते साऱ्यांना माहीत आहे.

*काकाजी, प्लॉट ४:* नाव घेऊन बोला.

*सचिव:* वैयक्तिक नको 🙏🙏

*ताई, प्लॉट ७:* आता महत्त्वाचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट दगड ठेवले तर एका पावसाळ्यात सारे वाकडेतिकडे होतील. आधी दीड फूट काळी माती काढा, खाली गिट्टी, वर मुरूम. पाणी साचलं तर कोरफडही सडते. अन् हे खदानीचे दगड ताजे फुटलेले आहेत, धारा निळसर काळ्या दिसतात. शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, जुने दगड आणा, उन्हापावसानं गोलावलेले. ज्या बाजूला दगडफुलाचे करडे डाग आहेत ती वर. सारे एकाच दिशेनं किंचित मागं कललेले, म्हणजे पाणी मुळाशी जाते. रांगेत लावू नका, दोन-तीन जवळ, मग मोकळी जागा. बरडावर जाऊन पाहा एकदा, तिथं सारं मांडलेलंच आहे.

*बंटी, प्लॉट २:* ताई 👏 मधात कळलावी लावू, फूल भारी दिसते.

*वहिनी, प्लॉट ९:* कळलावीचा कंद विषारी असते! लेकरं खेळतात म्हणून आताच सांगितलं ना?

*ताई, प्लॉट ७:* कळलावी नको, वहिनींचं बरोबर आहे. तरवड, कोरांटी, कोरफड अन् फटींमध्ये पवन्या गवत. दगड आता बसवा, झाडं मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर.

*काकाजी, प्लॉट ४:* पवन्या चालेल. कुसळी दिसली तर मी उपटून फेकीन, धोतराला चिकटते.

*बंटी, प्लॉट २:* काकाजी, पॅन्ट घाला ना मग 😄

*काकाजी, प्लॉट ४:* तुझ्या बापाला विचार मी काय घालावं ते.

*गुरुजी, प्लॉट ११:* 👆👆 तिसरा हिस्सा जमिनीत. रविवारी जो येईल त्यानं वाचून यावं.

*काकाजी, प्लॉट ४:* माझ्या धुऱ्यावर दगड पडून आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉली माझीच. डिझेल सोसायटीनं द्यावं.

*कोषाध्यक्ष:* खात्यात बघावं लागेल. रंगाचे पैसे वाचले म्हणा.

*सचिव:* काकाजी, आभार. रविवारी सकाळी ७ वाजता, ऊन व्हायच्या आत. सब्बल-फावडे ज्याचे त्यानं आणावेत.

*वहिनी, प्लॉट ९:* आधी ते चार फूट माझ्यासमोर चुन्यानं आखा. मग दगडाला हात लावा.