स्त्रीदास्याचं खापर घोड्यांवर?

कोरडा पाषाण:
परवाच्या एका पोस्टवर उत्तर लिहायला बसलो, ते प्रतिसादाच्या मापात मावेना, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सारांश: जुन्या युरोपातले शेतकरी शांत, समतावादी आणि देवीपूजक होते. मग काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून यामनाया टोळ्या घोडे उधळत आल्या, त्यांनी बायकांना दासी केलं, आणि त्यांचेच वंशज पुढे इकडे आल्यामुळे आपल्या घरातला सासुरवासही मूळचा यामनाया. खाली लोकांनी 'डोळे उघडले', 'अंगावर काटा आला' वगैरे लिहिलंय.

मूळ मांडणी पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांची, १९५६ पासूनची. बाई थोर होत्या. टोळ्या तिथूनच आल्या हे त्यांचं म्हणणं २०१५ मध्ये जुन्या हाडांमधल्या डीएनएने बऱ्यापैकी खरं ठरवलं. पण 'त्याआधी सगळं गोडीगुलाबीचं होतं' हा भाग? जर्मनीत टालहाइमला १९८३ मध्ये एक खड्डा सापडला, इ.स.पू. ५००० च्या आसपासचा. ३४ माणसं एकावर एक फेकलेली, त्यात जवळपास निम्मी पोरं. कवट्यांवरच्या जखमा दगडी कुऱ्हाडी-वाकसांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या घरातल्याच हत्यारांच्या. ऑस्ट्रियात आस्पार्न-श्लेट्झला त्याच काळातली कत्तल, आणि तिथे तरुण बायकांचे सांगाडे फारच कमी. त्यांना पळवून नेलं असणार, हे कळायला घोडेस्वार कशाला लागतो? यामनायांना जन्माला यायला तेव्हा दीड हजाराहून जास्त वर्षं होती.

आणि फ्रान्समधलं गुर्झी. तिथल्या दफनभूमीच्या डीएनएवरून २०२३ मध्ये सात पिढ्यांचा वंशवृक्ष लागला, ६४ जणांचा, सगळा बापाकडून जोडलेला. मोठ्या झालेल्या मुली तिथे जवळपास नाहीतच. सुना आहेत, पण त्यांचे आईबाप तिथे पुरलेले नाहीत. साडेसहा हजार वर्षांपूर्वी 'दिल्या घरी सुखी राहा' चालू होतं, तेही एकाही घोड्याशिवाय.

माझं म्हणणं एवढंच की मुलगे जागेवर राहतात आणि मुली परक्या घरी जातात, तिथे बाईची बाजू घेणारं माणूस हाकेच्या अंतरावर उरत नाही. मग शेत असो की कळप. टोळ्यांनी हे चालू असलेलं दुकान वाढवलं असेल, उघडलं नाही.

मावळती:
ती पोस्ट माझी. 'सासुरवास मूळचा यामनाया' असं मी कुठेही म्हटलेलं नाही, ती तुमची भर. आता आकड्यांबद्दल. तुमच्या दोन खड्ड्यांच्या बदल्यात मी एक आख्खा द्वीपकल्प देते. स्पेन-पोर्तुगालवरचं २०१९ चं संशोधन बघा. इ.स.पू. २००० पर्यंत तिथल्या लोकांच्या एकूण वंशात साधारण ४० टक्के वाटा नव्या लोकांचा, पण वाय गुणसूत्रं, म्हणजे जी फक्त बापाकडून मुलाला मिळतात ती, जवळपास १०० टक्के नव्यांची. म्हणजे स्थानिक बायकांचे वंश चालले, स्थानिक पुरुषांचे खुंटले. याला तुम्ही 'दुकान वाढवलं' म्हणता? धन्य आहे.

कोरडा पाषाण:
हे सगळं चारपाचशे वर्षांत झालं, एका पावसाळ्यात नाही. सरदाराला पोरं जास्त, त्याच्या पोरांना आणखी जास्त, असं वीस पिढ्या चाललं तरी हाच आकडा येतो. आणि घोडे उधळत म्हणालात ना? आजच्या पाळीव घोड्यांचा वंश पसरायला लागला इ.स.पू. २२०० च्या सुमारास, हे २०२१ मध्ये छापून आलंय. तुमचे यामनाया निघाले त्याच्या कितीतरी आधी, बैल जुंपलेल्या गाड्यांतून. बैलगाडीतून येणारा राक्षस तितकासा उठावदार दिसत नाही, म्हणून पोस्टमध्ये घोडे.

मावळती:
२०२३ मध्ये यामनाया सांगाड्यांच्या मांड्यांवर आणि मणक्यांवर घोडेस्वारीच्या खुणा सापडल्याचं छापून आलंय, ते मात्र वाचायचं राहिलं वाटतं. सोयीचं तेवढं वेचायचं आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं.

सिंधुपुत्र:
यामनाया हेच मुळात गोऱ्यांचं थोतांड. हडप्पाकालीन राखीगढीच्या स्त्रीच्या डीएनएत गवताळ प्रदेशाचा अंशसुद्धा नाही. संशोधन आपल्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांचं, २०१९. विषय संपला. आमच्याकडे स्त्री देवी होती, पुढची घाण आक्रमकांची.

कोरडा पाषाण:
ती बाई हडप्पा संस्कृती भरात असतानाची. गवताळ प्रदेशातले लोक इकडे आले ते इ.स.पू. २००० नंतर. पाहुणे यायच्या आधी काढलेल्या फोटोत पाहुणे दिसत नाहीत म्हणून ते आलेच नाहीत? आणि गंमत बघा, तुम्ही मावळतीताईंना थोतांड म्हणता आणि वाक्य त्यांचंच बोलता. दोघांनाही दोष बाहेरच्याला द्यायचाय, फक्त बाहेरचा वेगळा.

मावळती:
मला ह्यांच्या पंगतीला बसवू नका.

सिंधुपुत्र:
आम्हालाही हौस नाही, ताई.

भटकी मांजर:
मला वेगळीच शंका. लढाऊ समाज म्हणजे बाई दासी, हे गणित इतकं सरळ असेल तर शक लोकांचं काय करायचं? काळ्या समुद्रापासून उरलपर्यंत बायकांच्या थडग्यांत बाण, भाले, तलवारी निघतात. सौरोमतांची, म्हणजे शकांच्या भाऊबंदांची, मुलगी शत्रू मारल्याशिवाय लग्न करत नाही असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. त्याला मीठमसाला लावायची सवय होती हे मान्य, पण थडगी त्याने खणलेली नाहीत. मसागेत या भटक्या टोळीची राणी तोमिरिस हिच्याशी लढताना इ.स.पू. ५३० मध्ये इराणचा सम्राट सायरस मेला, हेही त्याचंच. आणि ग्रीकांच्या घरात बघा. लोकशाहीवाल्या अथेन्समधल्या बऱ्या घरच्या बाईने उंबऱ्याआत बसायचं. दिवसरात्र कवायत करणाऱ्या स्पार्टात मात्र अ‍ॅरिस्टॉटल कुरकुरतो की पाचातले दोन हिस्से जमीन बायकांकडे गेली. मग योद्धे वाईट की नागरिक?

मावळती:
स्पार्टातल्या बायकांची शेतं कसणारे गुलाम होते, त्यात गुलाम बायकाही होत्या. मालकिणीचं स्वातंत्र्य मोजायचं आणि दासीचं विसरायचं, ही जुनी खोड. आणि भटक्यांचं एवढं कौतुक असेल तर मंगोल घ्या. चेंगीझखानाची आई होएलुन. लग्न होऊन नवऱ्याबरोबर निघाली होती, चेंगीझच्या बापाने, येसुगेईने, वाटेतच पळवली. तो नवरा मेर्कित टोळीचा. पुढे मेर्कितांनी चेंगीझखानाची बायको बोर्ते पळवली. म्हणजे सासूची उधारी सुनेवर वसूल. ती परत आल्यावर जन्मलेला मुलगा जोची नक्की कोणाचा, हा टोमणा त्याच्या पाठी कायम राहिला. बाण भात्यात असले म्हणून बाई मोकळी नाही होत.

भटकी मांजर:
आणि तोरेगेने? तीही लुटीत हाती लागलेली, चेंगीझने आपल्या मुलाला देऊन टाकलेली. त्याच बाईने नवरा ओगेदेई मेल्यावर १२४१ ते १२४६ अख्खं मंगोल साम्राज्य चालवलं. त्या काळात एवढ्या मुलखावर हुकूम चालवणारी दुसरी बाई दाखवा.

मावळती:
बरोबर. आधी लूट व्हायचं, मग नवरा मरायची वाट बघायची, मग राज्य. किती छान समता!

गावठी विद्वान:
इकडेही तेच. ऋग्वेद हे गाईबैल राखणाऱ्या, रथावरून लढणाऱ्या लोकांचं काव्य. त्यात सूक्तं रचणारी घोषा आहे, लोपामुद्रा आहे, दहाव्या मंडलात मुद्गलाचा रथ हाकून गाई जिंकून आणणारी बाई आहे. आणि आठव्या मंडलात त्रसदस्यू राजाने पन्नास वधू दिल्या म्हणून कवी खूष आहे. गाई किती मिळाल्या तेही त्याच दमात. विवाहसूक्तात नववधूला 'सासऱ्यावर सम्राज्ञी हो' म्हणतात आणि त्याच्या आधीच्याच ऋचेत इंद्राकडे तिच्यासाठी दहा मुलगे मागतात. सिंधुपुत्रांना घोषा दिसते, मावळतींना पन्नास वधू दिसतात. पुस्तक एकच.

सातबारा:
तुमचे यामनाया-फिमनाया राहू द्या बाजूला. सगळा खेळ जमिनीचा आहे. नांगर आला आणि बाई गेली. अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये देशोदेशीचा विदा काढून हेच दाखवलं की ज्यांचे पूर्वज नांगराने शेती करत, त्यांच्यात आजही बायका कामाला कमी बाहेर पडतात. भटक्यांकडे सातबारा नाही, म्हणून भांडण नाही. आमच्या भागात भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बहिणींची रांग असते. अंगावर नवी साडी, अंगठा मशीनवर, फोटो, हक्कसोडपत्र झालं. भाऊ बाहेर रिक्षा थांबवून उभा.

अंजनी:
तुम्ही त्या रिक्षाशेजारी उभे होता का?

सातबारा:
होतो. चार बहिणी, सव्वा तीन एकर, त्यातलं एक एकर मुरमाड. वाटणी केली तर कुणाच्याच चुलीला पुरणार नाही. वडिलांच्या आजारपणाचं आणि दोन लग्नांचं कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर, त्यावर कुठल्या बहिणीने हक्क सांगितला नाही. इथे बसून न्याय वाटणं सोपं आहे.

चांदवडकर:
सातबारासाहेब, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा कायदा १९९४ ला महाराष्ट्राने केला, २००५ ला देशभर झाला. दोन हजार पाचला वडील हयात असायलाच हवेत ही अटही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये काढली. एवढं सगळं होऊन गेलं आणि तुमची बहीण अजून साडीवरच.

आणि धागाकर्त्यांसाठी. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाच्या वेळी नेमका हाच प्रश्न मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की बाईच्या गुलामीचं मूळ खाजगी मालमत्तेत शोधू नका, लुटीत शोधा. शेतात वरकड पिकायला लागलं, ते लुटणाऱ्या टोळ्या आल्या, लुटीत बायकाही नेल्या जाऊ लागल्या. मग मुलगा लढायला तयार करायचा आणि मुलगी आत ठेवायची. माझी आई ट्रकमध्ये बसून तिथे गेली होती, घरातून न विचारता बाहेर पडण्याची तिची ती पहिलीच वेळ. तिला गिंबुटास माहीत नव्हती. पण हे तिला एका भाषणात कळलं.

कोरडा पाषाण:
आईंना नमस्कार. पण लुटारू बाहेरूनच यायला हवा असं जोशीही म्हणत नाहीत. टालहाइमला शेजाऱ्याने शेजाऱ्यालाच मारलंय. तुमचा मुद्दा मला सोयीचा आहे, मावळतींना नाही.

मावळती:
लूट म्हणजे लढाऊ टोळी. मला चालतो.

सातबारा:
लक्ष्मीमुक्ती आमच्या गावातही झाली होती. बायकोच्या नावावर जमीन. कुठली दिली विचारा. जिथे कुसळंसुद्धा उगवत नाहीत ती.

अंजनी:
'भटक्यांकडे सातबारा नाही म्हणून भांडण नाही' हे वाचून हसावं की रडावं. मी मेंढपाळाच्या घरातली. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, निघायचा. पहाटे पुरुष मेंढरं घेऊन पुढे, मागे आई आणि चुलती. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं: वाघरी (मेंढरं कोंडायची जाळी), भांडी, पाण्याची कळशी, वरून टोपलीत कोंबड्या, आणि कालपरवा जन्मलेली कोकरं पोत्यात, नुसती मुंडकी बाहेर. गाठ सैल बसली तर सगळं ओढ्यात, आणि मग बोलणी आईलाच. मुक्कामाला पोचून चूल पेटवायची ती, गावात जाऊन दळण आणायचं ती, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची तर धान्य किती घ्यायचं यात तिचा शब्द चालायचा. बाजारात तिला फसवणारा जन्मायचा होता. पण कुठल्या दिशेने जायचं हे पुरुष ठरवायचे. मेंढरं वडिलांची. वडील गेले तेव्हा ती भावांत वाटली गेली, मला आणि बहिणीला कोणी विचारलंही नाही. कागद नव्हता म्हणून सहीसुद्धा घ्यावी लागली नाही. तुमच्या बहिणींना निदान साडी तरी मिळाली.

भटकी मांजर:
+१. मंगोल बायका एवढ्या मोकळ्या का दिसतात हे आत्ता कळलं. पुरुष महिनोन्महिने स्वारीवर, तर मागचा तळ हलवणार कोण?

अंजनी:
ताई, तळ हलवणं म्हणजे मोकळीक नव्हे. हमाली.

सिंधुपुत्र:
धागा इतिहासाचा होता, आता कौटुंबिक सल्ला केंद्र झालंय. चालू द्या.

मावळती:
विषयावर येते. पाषाणसाहेब, गुर्झी लाडकं आहे ना तुमचं? मग तुर्कस्तानातलं चाताल्ह्युयुकही बघा. नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती, गुर्झीहून कितीतरी जुनी. २०२५ मध्ये तिथला डीएनए आला. घरात पुरलेली माणसं आईकडून जोडलेली, आणि लहान मुलींच्या थडग्यांत मुलांपेक्षा जास्त वस्तू. शेती होती, नांगर नव्हता, टोळ्या नव्हत्या. मुलगी घरातच राहत होती. म्हणजे 'आधी वेगळं होतं' हे गिंबुटासबाईंनी स्वप्नात पाहिलेलं नव्हतं.

कोरडा पाषाण:
दिलं. चाताल्ह्युयुक घेऊन जा, पिशवीही देतो. पण ते माझ्याच बाजूचं आहे हे ध्यानात घ्या. मुलगी माहेरी राहिली की तिचा मान राहतो, असंच म्हणत होतो पहिल्यापासून. आणि तिथून गुर्झीपर्यंत येता येता शेतकऱ्यांनी ते स्वतःच मोडलं. यामनायांनी त्यांना पत्र लिहून सांगितलं नव्हतं.

मावळती:
एका गावावरून दुसरं गाव मोडलं म्हणायचं, मधली अडीच हजार वर्षं गायब. माझ्या पोस्टमध्ये असं काही असतं तर तुम्ही वेगळा धागा काढला असता. अरे हो, काढलाच की.

वाचनमात्र:
पहिल्यांदाच लिहितेय. यामनायांबद्दल काही कळत नाही. मी ती सही केलेली बहीण आहे, सातबारांची नव्हे, दुसऱ्या कोणाची तरी. मला कागद वाचून दाखवला नव्हता, वारसनोंदीचा आहे म्हणाले होते. आता काही करता येतं का?

कोरडा पाषाण:
हा धागा गवताळ प्रदेशावर आहे.

चांदवडकर:
असू दे. वाचनमात्र, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र तलाठ्याकडे नुसता अर्ज देऊन उलटत नाही. दिवाणी कोर्टात रद्द करून घ्यावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत. आधी निबंधकाकडून त्या दस्ताची नक्कल काढा आणि फेरफाराचा नंबर लिहून ठेवा. भावाला इतक्यात काही बोलू नका. बाकीचं व्यक्तिगत निरोपात सांगते.