काय करायचं कळत नाही म्हणून सीए?

तेरीज_जुळेना (कोल्हापूर)
परवा इथेच एका सीए महाशयांनी लिहिलं की बारावीनंतर काय करावं हे ठरत नसेल तर मुलांनी डोळे झाकून सीएला बसावं, 'निदान पोर कामाला तरी लागतं'. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याला तुम्ही अशा परीक्षेत ढकलताय, जिथे प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात? आमच्या आयपीसीसीच्या, म्हणजे सीएच्या तेव्हाच्या मधल्या परीक्षेच्या, पहिल्या ग्रुपला चार पेपर होते. २०० हवे होते, मला १९६. पुढच्या खेपेला १९१. त्यानंतर आईने निकाल विचारणंच सोडलं.

आज मी गुळाच्या अडत्यांची आणि दोन फौंड्रीवाल्यांची खाती लिहितो. पोट भरतं, रडत नाही. माझं म्हणणं एवढंच: फॉर्म भरायच्या आधी पोराला सुट्टीत महिनाभर एखाद्या कर सल्लागाराकडे बसवा. पिशवीतून आलेली बिलं, चहाचे डाग पडलेली, पेट्रोलपंपाची शाई उडालेली, तारखेवार लावू द्या. मग सांगा, तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, २७ रुपयांनी जुळत नाही. फरक सापडेपर्यंत ज्याला जेवण गोड लागत नाही, तो आपला. 'टाका सस्पेन्सला', म्हणजे फरक तात्पुरत्या खात्यात ढकला, म्हणणाऱ्याला सोडून द्या, तो दुसरीकडे सुखी होईल.

सही_शिक्का (पुणे)
ते महाशय मीच. चार मार्कांचं दुःख समजतं, पण कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मीही फायनलला तिसऱ्या खेपेला सुटलो. अठराव्या वर्षी कुणाचं काय ठरलेलं असतं? परीक्षा अवघड आहे म्हणूनच सहीला किंमत आहे. टॅक्स ऑडिटला तुमची सही चालते का? आणि आता तर परीक्षा वर्षातून तीनदा, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनाची दोन वर्षं. अजून किती सोपं करायचं?

हिरवं_पेन (ठाणे)
आर्टिकलशिपचं नाव काढलंतच तर ऐका. तीन वर्षं ठाण्याहून फोर्टला गेलो. स्टायपेंड दोन हजार, त्यातला बराचसा पास आणि वडापावात. काम काय? हिरव्या पेनाने व्हाउचरवर टिका मारायच्या, बँकेत चेक टाकायचे आणि शनिवारी सरांच्या मुलीला क्लासला सोडायचं. ताळेबंद पहिल्यांदा हातात आला तो तिसऱ्या वर्षी, तोही झेरॉक्स काढायला.

सही_शिक्का
शिकवायचे पैसे तुम्ही दिलेत का? माझे सर सांगायचे, त्यांच्या काळी आर्टिकललाच गुरूला पैसे द्यावे लागत. आणि आजची मुलं केबिनमध्ये शिरताच विचारतात, 'सर, डमी चालेल?' नुसतं नाव लावायचं आणि घरी बसून क्लास करायचा.

हिरवं_पेन
मुलं डमी मागतात हे मान्य. पण देतं कोण? टपरीवाला?

सही_शिक्का
मी देत नाही.

हिरवं_पेन
मग तुमच्याकडच्या आर्टिकलला स्टायपेंड किती, तेवढं सांगा.

व्हॅटवाला (दुबई)
विषय भलतीकडे चाललाय. इकडे २०१८ ला ५ टक्के व्हॅट आला आणि माझ्यासारख्या साध्या बी.कॉम. टॅलीवाल्याला भाव आला. सीए म्हणजेच अकाउंट्स नव्हे.

कोडवाला (पुणे)
पाच वर्षांनी हे सगळं सॉफ्टवेअरच करणार. कशाला भांडताय?

तेरीज_जुळेना
कोडवाले, सॉफ्टवेअर मला रोज सांगतं की खरेदीतलं अमुक बिल जीएसटीच्या २बी यादीत दिसत नाही. पुढे काय? समोरच्या व्यापाऱ्याने जीएसटी नंबरात एक अंक चुकवलेला असतो, तो तीनदा फोन उचलत नाही, चौथ्यांदा म्हणतो 'गावाला आलोय'. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकलेला माझा अडत्या इकडे माझ्या डोक्यावर बसलेला. हे कोण निस्तरणार?

आणि सही_शिक्का, टॅक्स ऑडिटला माझी सही चालत नाही, कबूल. पण सप्टेंबरअखेर तुमच्यासारखेच मला रात्री फोन करतात, 'तेवढं क्लोजिंग स्टॉकचं, वर्षअखेरच्या शिल्लक मालाचं बघा'. द्राक्षं कुणाला आंबट ते तिथेच कळतं.

सही_शिक्का
असे फोन सगळेच करतात. बरं, महिनाभर बसवायची कल्पना अगदीच टाकाऊ नाही. पण ऑडिट सीझनला पाठवा. सुट्टीत काम कमी असतं, पोराला वाटेल धंदा निवांत आहे.

हिरवं_पेन
स्टायपेंड राहिला.

मावशी (नाशिक)
भाचीची बारावी झाली, सीएच्या पहिल्या परीक्षेचा, फाउंडेशनचा फॉर्म समोर आहे, म्हणून वाचत होते. तुम्ही भांडत होतात तेव्हा ती वहीवर काहीतरी खरडत बसली होती. म्हणते, २७ ला नऊने भाग जातो, म्हणजे कुणीतरी आकडा उलटा लिहिलाय, ३६ चे ६३ केलेत. बरोबर आहे का?

तेरीज_जुळेना
अगदी! किंवा ४१ चे १४. कुणी शिकवलं तिला?

मावशी (नाशिक)
कुणी नाही. म्हणाली, सारखे असेच फरक पडत होते.

सही_शिक्का
नाशिकला माझा एक बॅचमेट आहे. नंबर खासगी निरोपात पाठवतो. उद्यापासून बसू द्या.

हिरवं_पेन
ते ठीक. तिला देणार किती?