सोटो आला, पण बॉल टाकणार कोण?

२०२५ चा सीझन सुरू होण्याआधीचं हे माझं मत. अमेरिकन बेसबॉलमधला बॅटर हुआन सोटो न्यूयॉर्क मेट्स संघात आला म्हणजे २०२५ मध्ये मेट्सची वर्ल्ड सिरीज (लीगचं विजेतेपद) पक्की, हे मला अर्धंच पटतं. १५ वर्षांच्या कराराचे ७६.५ कोटी डॉलर ऐकून डोळे पांढरे होतात खरे, पण मेट्सच्याच लिंडोरच्या जोडीला सोटो म्हणजे समोरच्या पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) पंचाईत. स्ट्राइक झोनबाहेरच्या बॉलला बॅट लावतच नाही; असे चार बॉल झाले की फुकटात, चालत पहिल्या बेसवर! आधीपासूनचा बॅटर अलोन्सो, त्यालाही शेवटी राखलं, बरं झालं.

घोर आहे तो पिचिंगचा. पिचर सेव्हेरिनो दुसऱ्या संघात गेला, मॉन्टास आणि मनाया हे पिचर सीझनआधीच जायबंदी. नवा पिचर क्ले होम्स आधीच्या यांकीज संघात मॅचची शेवटची एखादी इनिंग (नऊपैकी एक डाव) टाकायचा, आता त्याच्याकडून सुरुवातीच्या पाच-सहा हव्यात. सिंकर (बॅटरजवळ येता येता खाली बसणारा वेगवान बॉल) झकास आहे त्याचा, पण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की एकट्या सिंकरवर भागत नाही. गटातल्या फिलाडेल्फिया फिलीजना मागे टाकू? कठीण वाटतं. वाइल्ड कार्ड (गट न जिंकताही प्लेऑफमध्ये मिळणारी जागा) मात्र नक्की.