टेम्प्लेट घेतलं की फोटो?

कुळागरकर_वाळपई: काल इथे एकाने ज्ञान दिलं, 'महागडं टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, घ्या, होमस्टेची साइट आपोआप उठून दिसेल.' आपोआप! मी घेतलं ना. डेमोत निळंशार पाणी, लाकडी डेक, टोपीवाली पाठमोरी बाई. पैसे भरल्यावर बारीक अक्षरं वाचली: डेमोतले फोटो सोबत मिळत नाहीत. त्या जागी आमच्या पोफळींचा मोबाइलवर उभा काढलेला फोटो टाकला. आडव्या पट्टीत शेंडे उडाले, उरली नुसती खोडं. होमस्टे कसला, लाकडाची वखार वाटते. डेमोतले फोटो काढून करडे चौकोन ठेवा, मग बघू कोण विकत घेतो ते!

पिक्सेलवाली_पणजी: भाऊ, मोबाइल आडवा धरला असतात तर? स्टॉकवाले, म्हणजे विकायला तयार फोटो काढणारे, फोटो काढतानाच मथळ्यासाठी एका बाजूला आभाळ मोकळं सोडतात. टेम्प्लेटचा काय दोष? आणि अनस्प्लॅश या फोटोंच्या साइटवर २०१३ पासून फुकट फोटो मिळतात.

कुळागरकर_वाळपई: बघितले. 'गोवा' टाकलं की किनारा आणि माड. आमच्या सत्तरी तालुक्यात समुद्र आणू कुठून?

नाना_माशेल: फोटोंचं सोडा हो. आमच्या देवळाच्या साइटवर 'सुस्वागतम्' टाकलं, तर अक्षरं सुटी सुटी, शिरोरेषेचे तुकडे! खालचे उकार कापलेले. डेमोत इंग्रजी मथळा काय ऐटीत होता.

पिक्सेलवाली_पणजी: नाना, विषय फोटोंचा आहे.

नाना_माशेल: विषय फसवणुकीचा आहे. मराठी लिहून न बघता टेम्प्लेट विकतातच कशाला?

पिक्सेलवाली_पणजी: ते परदेशात बसून बनवतात, त्यांना तुमचं माशेल काय माहीत? लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) शून्य करा, लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवा. दोन मिनिटांचं काम.

नाना_माशेल: दोन मिनिटांचं! आमच्या पोराने यात अख्खी चवथीची सुट्टी घालवली. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायलासुद्धा उठला नाही.

पिक्सेलवाली_पणजी: मग त्याने विचारायचं होतं. मी देवनागरी साइट्सच करते, मला मराठी शिकवू नका.

कुळागरकर_वाळपई: अहो, धागा माझा आहे!

नाना_माशेल: शून्य केलं. रेषा जुळली. ताईंचा विजय असो, मिरवणूक काढू का?

पिक्सेलवाली_पणजी: नको. पण भाऊंचं एक मान्य: गिऱ्हाईक डेमोतल्या फोटोवरच भाळतं. मीही दाखवताना तेच फोटो ठेवते. पोट आहे.

कुळागरकर_वाळपई: चला, कबुली तरी मिळाली. पाऊस उघडला की मोबाइल आडवा धरतो. तोवर वखार चालू.