आमच्या पत्त्यावरून भलताच कोणी मेल पाठवतोय, काय लावू? (बजेट हजार)

कलमबाग_देवगड: आंब्याच्या पेट्या आमच्या डोमेनच्या मेलवरून बुक होतात. परवा दोन गिऱ्हाइकांना आमच्याच पत्त्यावरून 'आगाऊ रक्कम या खात्यात भरा' असे मेल गेले. आम्ही नाही पाठवले. उलट आमची खरी पावती जीमेलच्या स्पॅममध्ये! सर्व्हर भाड्याच्या व्हीपीएसवर (कंपनीकडून भाड्याने घेतलेला आभासी संगणक), पुतण्याने लावलेला. वर्षाला हजाराच्या वर जमणार नाही.

लाल_माती: व्हीपीएस सोडा, तयार मेलसेवा घ्या. आम्ही सहा जणांची घेतली, महिन्याचं बिल येतं पण डोक्याला ताप नाही.

सड्यावरचो: मेल कित्याक व्हयो? व्हॉट्सअ‍ॅपार पाठय मरे.

खाडीपलीकडे: पैसे लागतच नाहीत. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) तीन नोंदी लावा: एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पहिल्या दोनांपैकी एक तरी मागतं. डीकेआयएमच्या सहीची किल्ली २०४८ बिटांची घ्या.

वेळासकर: मीही तेच म्हणतो. एसपीएफ लावा. माझं नुसत्या एसपीएफवर झकास चाललंय.

खाडीपलीकडे: नुसत्याने भागत नाही हो. एसपीएफ लिफाफ्यावरचा पत्ता (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, गिऱ्हाइकाला न दिसणारा) तपासतं, गिऱ्हाइकाला दिसतो तो आतला 'फ्रॉम'. दोन्ही जुळतात का, ते डीमार्क बघतं.

लाल_माती: देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरतात, त्याला आधी डीमार्क लावा.

मालवण_निवास: एसपीएफचे दोन रेकॉर्ड नाहीत ना, बघा. आमच्याकडे एक वेबसाइटवाल्याचा, एक मेलवाल्याचा, म्हणून दोन्ही बाद. व्हीपीएसवाल्याकडून पीटीआरही (सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव सांगणारी नोंद) लावून घ्या. डीमार्क आधी 'नन'वर (काही अडवू नका) ठेवून तुमच्या नावाने कुठून मेल जातात त्याचे येणारे अहवाल वाचा, मग 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये), शेवटी 'रिजेक्ट' (नापास मेल परत). आमच्या बुकिंग फॉर्मचे मेल तिसऱ्याच सर्व्हरवरून जात होते, ते अहवालातच दिसलं.

वेळासकर: हो, आधी 'नन'च.

कलमबाग_देवगड: आभार. रेकॉर्ड खरंच दोन निघाले, एक केला. पीटीआर, डीकेआयएम झालं. स्वतःला मेल पाठवून पाहिला, तिन्ही पास. डीमार्क थेट 'रिजेक्ट'वर टाकलं.

मालवण_निवास: अहो, थांबा! पावत्या उडतील!

कलमबाग_देवगड: मेल जातो एकाच सर्व्हरवरून, वेबसाइटवर फॉर्मच नाही. आंबा उतरायला लागलाय, अहवाल वाचायला पावसाळा आहे.

खाडीपलीकडे: तुमच्या बाबतीत चालेल. पण कोणी मिळतंजुळतं डोमेन घेऊन फसवलं तर यातलं काही आडवं येणार नाही. खातं बदललेलं नाही, हे गिऱ्हाइकांना फोन करून सांगा.

लाल_माती: सेवा घेतली असती तर हे करावंच लागलं नसतं.

खाडीपलीकडे: तिथेही डीएनएस आपणच भरायचं असतं. तुमचं डीमार्क आहे का?

लाल_माती: बघून सांगतो.