मदत हवी आहे : मामंजींच्या आवाजाची जुनी कॅसेट

नमस्कार मंडळी. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना परवा एक ६० मिनिटांची कॅसेट सापडली. वर त्यांच्याच अक्षरात 'ओटीवर, मे १९९३'.

त्या दुपारी आम्ही दोघं फणस फोडत होतो. हाताला नि विळीला खोबरेल लावून ते मला गरे काढायला शिकवत होते. "अगो, चीक लागेल, तेल लाव आधी!" माझं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, या घरात मला अजून मोकळं बोलता येत नव्हतं. दिराने टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. मामंजींचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. फोटो ढीगभर आहेत, पण सगळे लग्नाकार्यातले, टोपी घालून ताठ उभे.

कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते आहे (कोकणातला पावसाळा!) आणि मधली फेल्टची छोटी गादी निघून आली आहे. फीत तुटेल या भीतीने मी ती एकदाही वाजवलेली नाही. कॅसेटला स्क्रू नाहीत, कवच चिकटवलेलं आहे. ते उघडून फीत स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये घालणं घरी जमेल का? बुरशी कशाने पुसावी? की हात न लावता थेट जाणकाराकडेच द्यावी? पुण्यामुंबईत असं काम जपून करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. कुरिअरने पाठवायला मन होत नाही, मी स्वतः घेऊन येईन.